रिकाम्या डब्यांची वही

डबा रिकामा होत आला की ते आधी कानाला कळतं. गच्च भरलेला डबा हलवला तर आवाजच करत नाही. अर्ध्यावर आला की सळसळतो. तळाला मूठभर उरलं की दाणे पत्र्यावर खुळखुळू लागतात. माझं स्वयंपाकघर गेली काही वर्षं या आवाजांवर चाललं आहे. त्याआधी ते याद्यांवर चालायचं, आणि त्या काळात माझ्या पैशांनी माझ्यापेक्षा किडेच जास्त जेवले.

पहिली नोकरी, पहिली भाड्याची खोली आणि खोलीत एक रिकामं फडताळ. रिकामं फडताळ माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ‘स्वयंपाकघरात असायलाच हव्यात अशा वस्तू’ या छापाची एक लांबलचक यादी मी कुठूनशी उतरवून घेतली आणि पगाराचा चांगला तिसरा हिस्सा एका दुपारी उडवून आलो. तीन प्रकारचे तांदूळ, त्यातली एक पिशवी पाच किलोंची. चार कडधान्यं. दोन किलो जव. जव का, हे आजही सांगता येणार नाही. यादीत होते म्हणून. दोन तऱ्हांचं व्हिनेगर. एकवीस मसाले, त्यातले निम्मे तोवर चाखलेलेही नव्हते. एकसारख्या बरण्या आणल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, रांगेत लावल्या आणि फोटो काढून आईला पाठवला.

तिचा फोन आला. “छान दिसतंय रे,” म्हणाली. मग जरा थांबून, “पण हे खाणार कोण?”

मी ते हसण्यावारी नेलं. आईला वाटलं असेल मी पाहुण्यांना बोलावतोय, असा काहीतरी अर्थ लावून मोकळा झालो. प्रश्न साधा होता आणि शब्दशः घ्यायचा होता, हे कळायला सहा महिने गेले.

कारण ते सगळं सामान मी माझ्यासाठी आणलंच नव्हतं. ते आणलं होतं एका वेगळ्याच गृहस्थासाठी. हा गृहस्थ रात्री झोपण्यापूर्वी आठवणीने हरभरे भिजत घालतो, सकाळी मंद आचेवर रस्सा रटरटत ठेवतो, तीळ भाजतो, जवाचं सूप करतो. मला तो फार आवडायचा. अडचण एवढीच की तो माझ्या खोलीत राहत नव्हता. तिथे राहायचा तो गुरुवारी रात्री साडेआठला दार उघडणारा, पिशवी खुर्चीवर टाकणारा, वीस मिनिटांत काही पोटात गेलं नाही तर बाहेरून मागवणारा एक दमलेला माणूस. त्याला लागतं तेल, कांदा, अंडी, भिजवायला न लागणारी डाळ. नेमक्या याच गोष्टी माझ्याकडे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपलेल्या असायच्या. ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ असं म्हणतात. माझ्याकडे दाणा भरपूर होता. बाजीरावाला तो शिजवायला वेळ नव्हता.

मराठीत धान्य साठवायच्या जागेला कोठी म्हणतात, कोठार म्हणतात. पोटालाही आपण कोठा म्हणतो. हा योगायोग नाही. संस्कृतातल्या ‘कोष्ठ’ या शब्दाला धान्याची जागा आणि पोटाची पोकळी असे दोन्ही अर्थ आहेत. भाषेने हे दोन कप्पे कधीच एकमेकांना जोडून ठेवलेले होते. मी मात्र फडताळ सजवलं आणि पोटाला विचारलंच नाही.

मग पाच किलोंच्या पिशवीत सोंडे झाले.

पहिल्यांदा झाकणाच्या आतल्या कडेवर एक दिसला, बारीक, काळपट, पुढे सोंड. मला वाटलं, खिडकीतून आला असेल. झाकण घट्ट लावलं. आठवडाभराने डबा उघडला तर तांदूळ चालत होते. त्या रात्री मी बराच वेळ या प्राण्याविषयी वाचत बसलो आणि मान्य करतो, थोडा आदर वाटू लागला. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा अगदी शहाण्यासारखा दिसतो. आत अळी तोच दाणा खात वाढते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभराने पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. म्हणजे तो खिडकीतून आलाच नव्हता. मीच त्याला पिशवीतून, पैसे मोजून, घरी आणलं होतं. घट्ट झाकणाने बाहेरचे आत येत नाहीत हे खरं, पण आतल्यांना ते छानपैकी घर करून देतं. अंडी मारायची तर धान्य उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवणं हा घरगुती उपाय त्यातल्या त्यात खात्रीचा. मग बाहेर काढून, पिशवी न उघडता, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं आणि किड्यांऐवजी बुरशी येते. उरलेल्या जवांना मी हा उपचार केला. तांदळाला उशीर झाला होता.

फेकताना हिशोब केला, आणि तो हिशोब अजून विसरलो नाही. मोठी पिशवी मी घेतली ती किलोमागे वीस टक्के स्वस्त म्हणून. म्हणजे पाच किलो तांदूळ मला चार किलोंच्या भावात पडले. यातला एकच किलो वाया गेला की मी चार किलोंचे पैसे देऊन चार किलो खाल्ले. फायदा शून्य, वर पिशवी उचलून आणायचे श्रम. दुसरा किलो गेला की मी मूर्ख. माझे दोन गेले होते.

मोठ्या पिशवीची आणखी एक गंमत आहे, पण ती हसण्यासारखी नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक गोष्ट मांडली: कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या मिळकतीतला अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्रात तो आजही एंगेलचा नियम म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे खाण्याच्या खर्चात बचतीची खरी निकड कुणाला, तर कमी मिळकत असलेल्याला. आणि स्वस्तातली मोठी पिशवी कुणाला परवडते, तर ज्याच्या हातात आज एकरकमी पैसे आहेत त्याला. बाकीचे लहान पुडी घेतात आणि ग्रॅममागे जास्त मोजतात. ‘एकदम घ्या, स्वस्त पडतं’ असा सल्ला देणाऱ्यांनी ही एकदमची रक्कम कुठून आणायची तेही सांगायला हवं. मला ते तेव्हा कुणी सांगितलं नाही.

उत्तर सापडलं ते एका जुन्या वहीत. म्हणजे वही कोरीच होती, नुसती पडून होती. चिडून मी ती दोरीने फडताळाच्या दाराला बांधली, पेन्सिल अडकवली आणि ठरवलं की काय आणायचं ते लिहायचं नाही. काय संपलं तेवढंच लिहायचं, तारखेसह. डबा पुसून पालथा घातला की एक ओळ. बस.

तीन महिन्यांनी ती वही वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मी स्वतःला जो समजत होतो तो वहीत कुठेच नव्हता. मसूर दर तीन आठवड्यांनी संपत होती. तांदूळ पाच आठवड्यांनी. तेल, कांदे, लसूण, अंडी, चहा यांच्या ओळी पुन्हा पुन्हा. एकवीस मसाल्यांपैकी चारांची नोंद होती: जिरे, मिरी, हळद, लाल तिखट. जवाची एकही ओळ नाही. तिळाची नाही. महागड्या तांदळाची नाही. तो मी ‘कुणी येईल तेव्हा’ म्हणून ठेवला होता आणि कुणी आलं की आम्ही बाहेर जेवायला जायचो.

त्या दिवसापासून माझी यादी म्हणजे ही वही. जे संपतं ते घ्यायचं. जे संपत नाही ते कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही, कारण ते स्वस्त नसतंच.

त्याला जोडून एक सवय लावून घेतली. दर आठवड्याला नेहमीच्या खरेदीत, वहीत वारंवार येणाऱ्यांपैकी एकच वस्तू एक जास्त घ्यायची. या आठवड्यात मसुरीची पुडी, पुढच्या आठवड्यात तेलाची पिशवी. खिशाला हे जवळजवळ कळतही नाही. दहाएक आठवड्यांनी बघितलं तर प्रत्येक चालत्या डब्यामागे एक भरलेली पुडी उभी होती, आणि मी मोठी खरेदी अशी कधी केलीच नव्हती. पुडी फोडून डब्यात ओतली की तीच पुढच्या फेरीच्या यादीत. नवी मागे, जुनी पुढे. वाणसामानाच्या दुकानात पोरं फळ्या लावतात तसं.

याने पैसे वाचतात ते कसे, हे समजायला मला आणखी काही महिने लागले. मला वाटायचं साठा म्हणजे स्वस्तात घेतलेला माल. पण खरी गोष्ट वेगळी आहे. तेल संपलं त्याच संध्याकाळी तेल आणायला निघालेला माणूस मिळेल त्या दुकानात, मिळेल त्या भावात, असेल त्या आकाराची बाटली घेतो. शिवाय उपाशीपोटी निघाल्यामुळे सोबत दोन पाकिटं नको ती. मागे एक पुडी उभी असली की घाई नसते. भाव उतरला की घ्यायचं, चढला की एक फेरी सोडून द्यायची. ती एक जास्तीची पुडी म्हणजे ‘आज नको’ म्हणायची ताकद. आणि घाई नसली की पाकिटावरच्या किमतीला वजनाने भागायलाही वेळ मिळतो. पाकीट तेच, रंग तोच, किंमतही तीच आणि आत माल कमी, हा प्रकार वजन वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. युरोपीय संघाने तर १९९८मध्ये नियमच केला की दुकानात मालाच्या किमतीसोबत किलोमागचा किंवा लिटरमागचा भावही लिहायचा. तो लिहिलेला नसेल तिथे फोन काढून भागाकार करावा. मी करतो. मागे रांगेतले लोक उसासे टाकतात.

डबाबंद हरभरे घ्यावेत की सुके, या वादात मी दोन्हीकडून आहे. चारशे ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढलं की हरभरे उरतात साधारण २४० ग्रॅम, आणि तेवढे व्हायला सुके शंभरच्या थोडे वर पुरतात. पैशांच्या हिशोबात सुके सहज जिंकतात. पण तो हिशोब रात्री भिजत घालायचं लक्षात असणाऱ्याचा आहे. माझ्याकडे सुके हरभरे असतात रविवारसाठी, आणि दोन डबे असतात गुरुवारच्या माणसासाठी. डबा महाग खरा, पण त्याची तुलना सुक्या हरभऱ्यांशी नाही, त्या रात्री बाहेरून मागवलेल्या जेवणाशी करायची असते.

या डब्याचा इतिहास मला फार आवडतो. फ्रेंच सरकारने सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या युक्तीला बक्षीस जाहीर केलं होतं. निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून त्या उकळल्या, आणि १८१०मध्ये १२,००० फ्रँक मिळवले. अन्न का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. जंतूंची भानगड पाश्चरने उलगडली ती अर्ध्या शतकानंतर. त्याच १८१०मध्ये इंग्लंडात पीटर ड्युरंडने अशा साठवणीसाठी पत्र्याच्या डब्याचंही पेटंट घेतलं. आणि डबा उघडण्याचं हत्यार? त्याची पहिली पेटंटं आली १८५०च्या दशकात. तोवर लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन बसत. चाळीस-पन्नास वर्षं माणूस डबे भरत होता आणि ते उघडायचे कसे याचा नीट विचार कुणी केला नव्हता. माझं पहिलं फडताळ आठवून मला या लोकांविषयी फार जवळीक वाटते.

टिकण्याचंही थोडं सांगायला हवं, कारण स्वस्त साठा नासला की तो सगळ्यात महाग. सगळ्यात आधी शेगडीच्या वरचं कपाट रिकामं करा. हात पोहोचतो म्हणून आपण मसाले आणि तेल तिथेच ठेवतो, आणि घरातली तीच सर्वांत वाईट जागा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय वाफ. तेलाला ऊन, उजेड आणि हवा तिन्ही नकोत. खवट वास येतो तो त्यामुळे. हीच खवट व्हायची तऱ्हा अख्ख्या गव्हाच्या पिठाची आणि हातसडीच्या तांदळाची. कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं. पौष्टिक म्हणून आपण ते घेतो, आणि त्याच कारणाने ते लवकर बिघडतं. पांढरा तांदूळ कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो. हातसडीचा मी सहा महिन्यांच्या वर ठेवत नाही. मसाले अख्खे घ्यावेत, थोडे थोडे कुटावेत. कुटलं की वास उडून जायला वाट मिळते. बटाटे अंधारात, नाहीतर हिरवे पडतात, आणि हिरवट भाग खाण्यासारखा नसतो. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ आणि ‘या तारखेनंतर वापरू नये’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चवीचा प्रश्न असतो, दुसरीत जिवाचा. पण फुगलेला डबा तारीख न बघता टाकायचा, चाखूनसुद्धा बघायचा नाही.

कडधान्यांनी मला एकदा चांगलं फसवलं. ती नासत नाहीत म्हणून मी निर्धास्त होतो. उकाड्यात आणि दमटपणात दोनेक वर्षं पडलेला राजमा एका रविवारी शिजत घातला. भिजवला होता, मीठही टाकलं नव्हतं. दोन तास झाले, तीन झाले. दाणा सोललेल्या गोटीसारखा. जुन्या कडधान्यात आतल्या रचनेत असे बदल होतात की दाण्यांच्या पेशी एकमेकींना सोडायलाच तयार नसतात. चिमूटभर खाण्याचा सोडा भिजवतानाच घातला असता तर थोडी मदत झाली असती. त्या दिवशी जितका गॅस जळला तितक्यात नवा राजमा आला असता. आता पुडीवर खरेदीचा महिना लिहितो. सुंदर चिठ्ठ्या कधीच गेल्या. चिकटपट्टी आणि पेन्सिल.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४मध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की २०२२ या एका वर्षात जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात सालं, हाडं, बियाही धरल्या आहेत, पण तरी. आणि यातलं सुमारे ६० टक्के हॉटेलांतून नाही, दुकानांतून नाही, घरांतून गेलं. मी तो आकडा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर गोदामं आली नाहीत. एकसारख्या बरण्यांच्या रांगा आल्या. कितीतरी घरांत न राहणाऱ्या त्या गृहस्थासाठी सामान भरलं जात असणार.

वहीची खरी परीक्षा झाली ती पगार अडकला तेव्हा. दीड महिना. कारणं नेहमीची होती, ती उगाळत नाही. भाडं आणि विजेचं बिल दिल्यावर हातात भाजीपुरते पैसे राहिले. मी फडताळ उघडून खाली बसलो आणि मोजलं. माणशी एका वेळेला पाऊण वाटी धरा, ऐंशी-नव्वद ग्रॅम. सव्वाचार किलो तांदूळ म्हणजे पन्नासेक वेळा. मसूर अडीच किलो. तेल दोन लिटर. पीठ. साखर, चहा. भीती होती, पण ती मोजता येणारी भीती होती. ‘काय होणार’ असं न वाटता ‘एकोणीस तारखेपर्यंत’ असं वाटत होतं.

त्या दिवसांत कळलं की पोट भरणारं सामान पुरतं. जीभ आधी रुसते. चौथ्या दिवशी मऊ भात आणि मऊ डाळ समोर आली की घास फिरायला लागतो. तेव्हा धावून आलं ते व्हिनेगर, तेच, यादीतलं. उभा चिरलेला कांदा त्यात बुडवून ठेवला की पानात काहीतरी आंबट, कुरकुरीत, जागं करणारं असे. लसूण, सुकी मिरची, मूठभर भाजलेले शेंगदाणे. म्हणून आता बेतशीर पैशांतही मी या कप्प्याला कात्री लावत नाही. आंबट, तिखट आणि दाताखाली वाजणारं, यांतलं प्रत्येकी एक तरी घरात हवंच. नाहीतर भरलेल्या कोठीसमोर उभं राहून माणूस बाहेरचं मागवतो, आणि सगळा हिशोब तिथेच कोसळतो.

तिसऱ्या आठवड्यात जव निघाले. भिजवून शिजवले, कांदा-लसणावर परतले, वर मिरी. चांगले लागले. खरंच चांगले लागले. वहीत पहिल्यांदाच ओळ पडली: जव संपले. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे शेवटी तूच खाल्लेस.”

आता सगळं सुरळीत आहे, असं म्हणणार होतो. पण परवा रात्री नऊला डाळीत घालायला हात डब्यात गेला तो तळाला खरवडला. मीठ नाही. मागे पुडीही नाही. वही चाळली: एवढ्या वर्षांत मिठाची एकही नोंद नव्हती. मीठ ना किडतं, ना खवट होतं, ना त्याला तारीख. म्हणून त्याच्याकडे मी कधी बघितलंच नाही. शिवाय ते खुळखुळतही नाही. शेवटच्या चमच्यापर्यंत तसंच मुकाट. शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांनी काही न विचारता वाटी भरून दिली, वर म्हणाल्या, “तुमच्याकडे तर एवढं सगळं असतं ना?”

वाटी अजून ओट्यावर आहे, धुऊन पालथी. वहीत ओळ लिहिली आहे, तारखेसह.